दसऱ्याच्या सकाळी गिअर पडेना

गाडी सुरू झाली, पण गिअर पडेना. दांडा पुढे ढकलला की खाली करवतीवर पत्रा घासल्यासारखा आवाज येई आणि दांडा हाताला झटका देऊन मागे फिरे. दसऱ्याची सकाळ होती, आणि दुपारच्या आत मला वडिलांना ओरत्तनाडूहून तंजावूरच्या इस्पितळात आणायचं होतं.

मद्रासहून डोळ्यांचे एक गोरे डॉक्टर आले होते. ते काही दसरा मानत नव्हते. सकाळी तपासणार, मोतीबिंदू पिकला असेल त्याचा तिथंच काढणार आणि दुपारच्या आगगाडीनं परत जाणार. पुन्हा केव्हा येतील ते कुणालाच ठाऊक नव्हतं. माझे वडील ओरत्तनाडूच्या छत्रात, वाटसरूंना जेवू घालतात तिथं, आचारी. एक डोळा केव्हाच गेलेला, आणि दुसऱ्यावर इतका पडदा आला होता की कढईतलं तेल तापलं का, हे ते वर तळवा धरून ओळखत. आदल्या दिवशीच या म्हटलं, तर उत्तर आलं, "माझ्या झारे-पळ्या पूजेत बसल्याशिवाय मी छत्र सोडणार नाही." आमच्याकडे आयुधपूजेचा रिवाजच तसा. ज्या हत्यारावर पोट, त्याला नवमीला चंदन-कुंकू लावून देवापुढे ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पुन्हा पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही.

बस होती, पण राहुकाळ टळल्याशिवाय बसवाला चाकाखालचं पूजेचं लिंबू चिरडून बस हलवणार नव्हता. म्हणून मी मिरासदारांची गाडी मागितली. त्यांच्या मुलांना मी इंग्रजी आणि गणित शिकवत असे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि बी.ए. आहे हे सांगायला मी कधी लाजलो नाही. गाडी दोन आसनांची, बिनटपाची, शर्यतीत पळवायची. विलायतेला परतणाऱ्या एका इंजिनियर साहेबाकडून घेतलेली. ड्रायव्हर सणाला गावी गेला होता, पण मला चालवता येत होती. मिरासदारांच्या आईंनी माझी नड पाहून गाडीपुरती पूजा स्वतःच पहाटे उरकून दिली होती.

"गिअरबॉक्स गेला," मिरासदार ओसरीवरून खाली येत म्हणाले. "परवापर्यंत गिअर लोण्यासारखे पडत होते. काय केलंत, मास्तर?"

"मी आत्ता तर बसलो, अण्णा."

"बी.ए.ला गिअर शिकवत नाहीत वाटतं."

"तर्क शिकवतात," मी म्हणालो.

ऊन अंगण ओलांडून तुळशीपाशी आलं होतं. गाडीखाली शिरून पाहिलं, तेल गळत नव्हतं. पुढे काही उघडायचं तर पान्हा हवा, आणि पान्हे, पेचकस, गाडीची माहितीपुस्तिकासुद्धा देवघरात सरस्वतीपुढे. दारात मिरासदारांच्या आई बसल्या होत्या.

"काकू, एक पान्हा हवा होता."

"भटजी येऊन पूजा करू देत. मग ने हवे तेवढे."

"केव्हा येतील?"

"येतील की! त्यांना आमचं एकच घर आहे होय?"

"बाबांचा डोळा आहे, काकू."

"म्हणूनच म्हणते. डोळ्याच्या कामाला निघालास, आणि देवापुढचं ओढून नेतोस?"

परत जाऊन गाडीत बसलो. उठलो. फाटकापर्यंत जाऊन भटजी दिसतात का पाहिलं आणि पुन्हा येऊन बसलो. हत्यार नाही तर नाही, डोकं तर पूजेत ठेवलेलं नव्हतं. इंजिन बंद करून दांडा हलवला. सगळे गिअर मुकाट्यानं पडले. इंजिन सुरू केलं की पुन्हा तीच करकर. म्हणजे गिअरबॉक्स शाबूत होता. इंजिन फिरत असताना क्लच दाबला तरी तो त्याला इंजिनापासून सोडत नव्हता. का सोडत नव्हता? खाली उतरून, गुडघे टेकून क्लचचं पेडल हातानं दाबलं. तळाला पोचायच्या आधीच ते कशावर तरी टेकून थांबलं.

पेडलखाली कोरी करकरीत चटई होती, आपल्याकडच्या कोरै गवताची, दुहेरी घडी घातलेली.

"ही इथं कुणी घातली?"

"मी घातली," काकू आतूनच म्हणाल्या. "पहाटे देव बसवला त्या गाडीत. त्याच्यावर तू बूट ठेवणार? म्हणून जाड घातली."

मिरासदार पोट धरून हसले. "आई, देवाला बसायला दिलंस आणि गाडीला उठू देईनास!"

"हसू नको. मास्तर, ती काढलीस तर पाय कुठं ठेवशील?"

वाद घालायला वेळ नव्हता. मी बूट काढून ओसरीच्या पायरीवर ठेवले. "आता चालेल?"

त्यांनी अनवाणी पायांकडे पाहिलं. "धुऊन ये."

विहिरीकडे धावलो. चटई शेजारच्या आसनावर अंथरली आणि ओल्या पायानं क्लच दाबला. पहिला गिअर पडला, आवाजसुद्धा न करता.

तरी वाटभर भरवसा वाटेना. कालव्याच्या कडेनं रस्ता अरुंद, बैलगाड्या आडव्या, आणि दर गिअरला कान त्या करकरीची वाट पाहत. छत्राच्या दारात वडील बोचकं घेऊन उभे होते. त्यांनी आधी चटई चाचपली, मग आसनावर मांडी घातली.

"पाय खाली सोडा, बाबा."

"पूजेतली गाडी ना? चंदनाचा वास येतोय."

तसेच बसले. वळणावळणाला त्यांचा गुडघा दांड्यावर येई. "बाबा, गुडघा!" मी ओरडे, आणि ते म्हणत, "हळू हाक रे, बैल बुजतील."

इस्पितळात डॉक्टरांच्या पेट्यांना दोर बांधत होते. वाटेत जुळवलेलं इंग्रजी सगळं विरलं. "सर, माझे वडील," एवढंच तोंडातून निघालं. डॉक्टरांनी माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. मग अंगठ्यानं वडिलांची पापणी उचलली, बराच वेळ पाहिलं, आणि एका पेटीचा दोर सोडायला सांगितला.

पट्टी सुटली त्या दिवशी मिरासदारांनी मुद्दाम गाडी पाठवली. वडील इस्पितळाच्या पायरीवर थांबले.

"हिरवी आहे होय? मला लाल वाटली होती." मग वाकून त्यांनी आत पाहिलं. "आणि माझी चटई कुठाय?"