पेटीचा बसलेला पंचम

माझ्या लग्नात बाबांनी अमरावतीहून त्यांची जुनी पेटी पाठवली. अकोल्यात आमच्या ह्यांनी ती हार्मोनियम अशी मिरवली, की लोकांना वाटावं सासऱ्यानं हत्ती दिला. हे भजनी मंडळाचे मुख्य गायक, पेटीही तेच वाजवतात. पेटी छान वाजली की हात ह्यांचा, बिघडली की माहेर माझं. ही वाटणी आमच्यात पहिल्यापासून ठरलेली आहे.

गेल्या उन्हाळ्यात पेटीचा मधला पंचम बसला. पट्टी दाबली की नुसती फुस्स हवा, आणि भाता जोरात मारला तर म्हाताऱ्या बोक्याची घरघर. अमरावतीचा मालच असा, असा ह्यांनी निकाल दिला. मंडळात वैद्यांची कमी नव्हतीच. एक म्हणाला, अकोल्याच्या उन्हानं लाकूड तडकलं. दुसऱ्याला उंदराचा संशय. तिसऱ्यानं मोबाइलवर व्हिडिओ पाहून आख्खा भाताच बाद ठरवला. उघडून पाहावं, हे काही कोणाला सुचलं नाही. त्यापेक्षा त्यांनी भजनांच्या चाली बदलल्या. पंचम आला की सगळे रस्त्यातल्या खड्ड्यासारखा त्याला वळसा घालत. त्याच जागी ह्यांचा स्वतःचा आवाजही चिरकायचा, पण तो पेटीच्या खात्यावर जाई. हे डोळे मिटून मान हलवत, आणि बायाबापड्यांना ती भक्ती वाटे.

ह्यांच्या गालात वर्षानुवर्षं खर्रा असायचा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून पानठेल्यावर मिळतो तो. दोन वर्षांपूर्वी माझ्या भावानं ह्यांना ओढतच अमरावतीला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. तोंडाची आतली कातडी ताठत चालली आहे, डॉक्टर म्हणाले, खर्रा सुटला नाही तर तोंड उघडणं बंद होईल आणि पुढे कॅन्सरही होऊ शकतो, तपासायला येत राहा. ह्यांनी देवासमोर शपथ घेतली. मंडळानं व्यसनमुक्तीबद्दल शाल-श्रीफळ दिलं. ह्यांनी तिथे असं भाषण ठोकलं, की जणू खर्रा ह्यांनी नव्हे, शेजाऱ्यानं खाल्ला होता. मी येडी पहिल्या रांगेत बसून डोळे पुसत होते. त्यानंतर अमरावती बंद. सुटलं तर आता डॉक्टर कशाला, असं ह्यांचं म्हणणं.

शेवटी एका दुपारी, हे बाहेर गेलेले पाहून, मी शिलाई मशीनचा पेचकस घेतला आणि पेटी उघडली. वरची जाळी काढली, पट्ट्यांची फळी उचलून उलटी केली. खाली पितळी सूर ओळीनं बसवलेले असतात. प्रत्येक सुरात एक पातळ जीभ, ती हवेनं थरथरली की आवाज निघतो. बोटानं एकेक छेडत गेले. सगळ्या टुणटुण बोलल्या, पंचमाची तेवढी हलेना. भिंग लावून पाहिलं तर जीभ आणि चौकटीच्या फटीत काहीतरी अडकलेलं. पातळ कागदाची पट्टी खालून हळूच सरकवली, तसा तो कण बाहेर आला.

सुपारीचा तुकडा होता, चुना लागलेला. नाकाशी नेला तर तंबाखूचा वास. गाताना तोंडातून उडाला असणार आणि पट्टी दाबल्यावर वरच्या भोकातून खाली पडला असणार. पेटी दुरुस्त झाली याचा आनंद मला एक क्षणही झाला नाही. पंचम बसला गेल्या उन्हाळ्यात, आणि ह्यांची शपथ तर त्याच्याही आधीची.

हे आल्यावर मी तो तुकडा बशीत ठेवून पुढे केला. ह्यांनी निरखून पाहिला आणि म्हणाले, "जुना असन. तुह्या बाबाच्या येळचा."

माझे बाबा जेवणानंतर लवंगसुद्धा खात नसत. मी म्हटलं, "माह्या बाबाले जाऊन दहा वर्सं झाले. सुपारीले तंबाखूचा वास अजून कसा?"

ह्यांनी पेटी उचलली आणि भजनाला निघून गेले. मीही मागून गेले, चारचौघांत ह्यांची फजिती पाहायचीच, असं ठरवून.

त्या संध्याकाळी पंचम खणखणीत वाजला. मंडळ खूश झालं, जुनी सरळ चाल धरली. हे वरचा सूर घ्यायला तोंड उघडू गेले, पण ते पुरतं उघडेचना. आवाज दातांमागेच घुसमटला. सवयीनं सगळ्यांनी पेटीकडे पाहिलं. पेटी बिनचूक वाजत होती. टाळ धरलेला एक जण सहज बोलून गेला, "पेटी त बराबर हाय, भाऊ."

मी हसायला आले होते, पण रडू फुटू नये म्हणून पदर तोंडात कोंबून बसून राहिले. ह्यांनी पुन्हा तोंड उघडून पाहिलं, मग गाणं सोडलं आणि भजन संपेपर्यंत नुसती पेटी वाजवली.

 घरी येताना हे म्हणाले, उद्या अमरावतीले जाऊ. पण शब्द इतके चेपून बाहेर आले, की काय म्हणता, असं मला परत विचारावं लागलं.