उतरत्या छताखालचा शॉवर

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत पाण्यावर माझ्या मामेसासऱ्यांइतका अविश्वास असलेला दुसरा माणूस नाही; असलाच, तर त्याने तो इतक्या निष्ठेने जपलेला नाही. भिवपुरीच्या वीजकेंद्रात, डोंगरावरून उतरणाऱ्या मोठ्या नळांवर लक्ष ठेवण्यात मामांची सारी नोकरी सरली. नळाला तळहात लावत चालायचे, ओल लागली की थांबायचे. निवृत्त होऊन ते पोशीरला घरी आले. तळहात निवृत्त झाला नाही. कोणाकडेही गेले की ते आधी भिंतीला हात लावतात आणि मग खुर्चीत बसतात. एका नातेवाइकाच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. सगळ्यांनी घराचे कौतुक केल्यावर कोणीतरी मामांचे मत विचारले. "घर झकास हाय," ते म्हणाले, "पन बाथरूम रडतंय." त्या घरून पुढे बरेच दिवस बोलावणे आले नाही. आले ते खालच्या मजल्यावरच्याने छत गळते म्हणून भांडण काढले तेव्हा.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेफ्लॉनची टेप असते आणि पाकिटात नोटांच्या मागे रबरी वायसर. खोपोलीला एका लग्नात मंगलाष्टका सुरू झाल्या आणि मामा दिसेनासे झाले. ते हात धुण्याच्या बेसिनखाली, नव्या कोऱ्या सफारीत, उताणे सापडले. हॉलचा माणूस समजून वराच्या काकांनी त्यांना वरची टाकीही बघायला सांगितली. मामांनी ती बघितली, हात धुतले आणि पंगतीत त्याच काकांच्या शेजारी जाऊन बसले. काकांनी पहिली जिलबी मामांच्याच पानात वाढायला लावली.

घरात तर कोणी नळ सोडून साबण लावलेला त्यांना चालत नाही. माझ्या दिवाळसणाला त्यांच्याकडे मी तेल-उटणे लावून आत गेलो आणि थोड्याच वेळात दारावर टकटक झाली. "जावईबापू, साबन अंगाला लावा, नळ कशाला चालू ठेवलाय?" डोळ्यांत फेस असताना मी नळ बंद केला. बाहेरून समाधानाने उत्तर आले, "आता लावा निवांत." आंघोळीत वाहणारे पाणी ऐकून गप्प बसलेले मामा कोणी पाहिलेले नव्हते.

अशा माणसाने घरात शॉवर बसवायचे ठरवले, त्याला कारण मामींचा खांदा. तो असा आखडला की उजवा हात छातीच्या वर जाईना. डोक्यावरून तांब्या घेणे बंद झाले. केस धुवायला शेजारची सून येऊ लागली. तिला भाकऱ्या टाकून, पोरांना शाळेत धाडून फुरसत मिळेल तेव्हा. मामींनी आयुष्यात कोणाकडून पाण्याचा पेला मागून घेतला नव्हता. त्या एकदाच म्हणाल्या, "डोकं माझं आन् टाइम दुसऱ्याचा." मामा ताटावरून उठले आणि मोजायची टेप घेऊन मागच्या पडवीत गेले.

नव्या न्हाणीला जागा तेवढीच होती. तिथे छप्पर उतरत जाते: स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी हात उंच करता येतो, बाहेरच्या भिंतीपाशी कपाळ आपटते. पडवीच्या उरलेल्या अर्ध्या भागात भाताची पोती, म्हणजे मामींचे राज्य. मध्ये मामांनी भिंत घातली. जमिनीचा जाळीकडे उतार काढला, जाळीत बोळा कोंबला, पाणी तुंबवले आणि पलीकडे पोत्यांवर बसून राहिले. भिंत कोरडी. फरशा लावल्या, पुन्हा कोरडी. छपराखाली प्लॅस्टिकच्या पट्ट्या त्यांनी स्वतः ठोकल्या, कौले बसवतात तशा, वरच्या पट्टीची कड खालच्या पट्टीच्या पाठीवर टाकून. मग गार पाण्याचा शॉवर सोडून, बनियन-लेंग्यासकट खाली उभे राहून परीक्षा घेतली. थेंब नाही. गिझर लागला, गरम पाण्याने शेवटची परीक्षा झाली, आणि दुसऱ्या दिवशी खालचे पोते ओले निघाले.

मामांनी फरशी फोडली. पुन्हा बसवली. गार पाण्याला कोरडे, गरम पाण्याला ओले. पुन्हा फोडली. मामी दारात उभ्या राहून बघत.

"अवो, न्हानी बांधताय का धरन?"

"गळकी न्हानी बायकोला द्यायची नाय मला."

"मग काय मी केसांत जटा वाढवू? गळू दे की थोडं. भात वाळवता येतो."

"आज भात भिजला, उद्या वासा कुजंल. छप्पर येईल डोक्यावर."

"येऊ दे. निदान आंघोळ तरी झालेली असंल माझी."

त्या दिवशी त्या खरोखर रागावल्या होत्या. शेजारची सून माहेरी गेली होती आणि मामींनी डोक्याला घट्ट फडके बांधले होते. मुलीकडे जाऊन राहते, असे त्यांनी माझ्या बायकोला सांगितले. मामांनी ते ऐकले आणि ऐकले नाही असे दाखवले.

संध्याकाळी आम्ही स्वयंपाकघरात होतो. मामींनी डाव्या हाताने भाताच्या टोपावरचे झाकण उचलले आणि तिरके धरले. झाकणाच्या आतल्या अंगाने पाणी उतरत कडेला आले आणि वळवलेल्या काठाच्या खाचेत शिरले. मामा झाकणाकडे बघत राहिले. "धरून ठेव," ते म्हणाले. "तशीच धर."

"हात दुखतोय माझा."

"पानी आतून हाय गं!" ते ओरडले, आणि न जेवता पडवीत गेले.

चूक साधी होती आणि पावसाच्या मुलखातल्या माणसालाच शोभणारी होती. मामांनी आयुष्यभर छपरावर बाहेरून कोसळणारे पाणी पाहिले होते, म्हणून पट्ट्या कौलांसारख्या लावल्या. इथे पाणी खालून वर जात होते, वाफ होऊन. वर गार झाले की पट्ट्यांच्या आतल्या अंगाने उतरायचे, जोडाच्या खाचेत शिरायचे, पट्ट्यांच्या पाठीवरून मधल्या भिंतीकडे वाहायचे आणि पलीकडे पोत्यांवर टपकायचे. फरशी निर्दोष होती. दोनदा फुटली होती एवढेच. मामांनी सगळ्या पट्ट्या उतरवल्या, जोड उलटे केले, कडा सिलिकॉनने बुजवल्या आणि उंच बाजूला वाफ जायला पंखा बसवला. गरम पाण्याची परीक्षा घेतली. पोते कोरडे. तरी त्यांचा चेहरा परीक्षेला बसल्यासारखाच होता.

रविवारी सकाळी मामी आत गेल्या. मामा पलीकडे पोत्यांवर बसले, तळहात भिंतीला लावून. मी शेजारी उभा होतो. शॉवर सुरू झाला. बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज येत राहिला, आणि मग मामी काहीतरी गुणगुणताहेत असे वाटले. मी मामांकडे पाहिले. आता दारावर टकटक होणार अशी माझी खात्री होती.

आतून हाक आली. "अवो, लागतंय का पानी तिकडं?"

"नाय."

"बंद करू?"

मामांचा हात भिंतीवरच होता. भिंत कोरडी होती आणि गरम पाण्याने किंचित ऊबदार झाली होती.

"राहू दे," ते म्हणाले. "चालू दे जरा."