कवळीबाईचं मळकं इंजिन

नवंकोरं इंजिन दिसलं की कवळीबाईच्या कपाळाला आठी पडायची. डब्यातून नुकतंच काढलेलं, चाकांना धुळीचा कण नाही, असं इंजिन ती चिमटीत धरायची, उजेडात फिरवायची आणि म्हणायची, "हे कामाला गेल्यासारखं दिसतंय का? हे तर फोटो काढायला निघालंय!" मॉडेल रेल्वे क्लबातली मंडळी हसायची आणि इंजिन तिच्याकडे सोडून जायची. परत यायचं तेव्हा ते ओळखू यायचं नाही. धुराड्याभोवती काजळी, चाकांवर वाळलेलं तेल, पायऱ्यांच्या कडांना रंग उडून उघडा पडलेला पत्रा, आणि ड्रायव्हर डोकं काढतो तेवढ्या एकाच खिडकीची काच पुसलेली. वस्तू तळहातावर मावणारी, पण बघणाऱ्याला वाटावं, हे आत्ताच पाळी संपवून आलंय, आता याच्याशी कुणी फार बोलू नये.

क्लबातले लोक या कलेला वेदरिंग म्हणत. ती सरळ मळवणं म्हणायची. "ठेव इथे, मळवून देते," एवढंच.

कवळीबाई हे नाव तिला धंद्यावरून पडलं होतं. तोंडावर कुणी तसं म्हणायची हिंमत करत नसे, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. उभा जन्म तिने दातांच्या लॅबमध्ये काढला. गावातली निम्मी म्हातारी माणसं तिच्या हातच्या कवळ्यांनी जेवत होती. दात पांढराशुभ्र केला की खोटा दिसतो, हे ती तिथे शिकली. मुळाशी थोडा पिवळा, टोकाला थोडा निळसर, चहाबाज माणूस असेल तर कुठेतरी तपकिरी रेघ, असं करत ती दाताला माणसाचं वय द्यायची. एकदा खेळण्यांच्या दुकानाच्या काचेत चकचकीत इंजिन पाहून ती रस्त्यातच मोठ्याने हसली होती. "अगदी नवी कवळी!" असं दुकानदाराला आत जाऊन सांगितलं. दुकानदार चिडला. तिने ते इंजिन विकत घेतलं, घरी आणलं, आणि त्या दिवसापासून स्वयंपाकघरातलं अर्धं टेबल रंगाच्या बाटल्यांनी, पावडरच्या डब्यांनी आणि रंग फवारायच्या एअरब्रशने बळकावलं. तिच्या धाकट्या बहिणीने त्यावरून पुष्कळ वर्षं कटकट केली. दोघी एकत्र राहायच्या. धाकटी पुढच्या खोलीत शिवणाची कामं करायची आणि जेवायला अर्ध्या टेबलावर बसायची.

मग हात कापायला लागला. उजवाच. आधी कपबशी वाजायची, तेव्हा तिने कपबशीला दोष दिला. मग दाताच्या मुळाशी काढलेली रेघ वाकडी गेली, तेव्हा कुंचल्याला दिला. शेवटी डॉक्टरांनी तिच्याकडून कागदावर एक गोल काढून घेतला, आणि तो बघून त्यांचा चेहरा इतका मऊ झाला की तिला पुढचं ऐकायची गरजच उरली नाही.

"जिवाला काही धोका नाही," डॉक्टर म्हणाले. "पण हा कंप जाणार नाही. हळूहळू वाढेल."

लॅबचे मालक भले गृहस्थ. त्यांनी तिला काढलं नाही, डब्यांवर पत्ते चिकटवायला बसवलं. तिने काही दिवस चिकटवले. पत्तेसुद्धा तिरके बसायला लागले तसे मालक म्हणाले, "असू द्या, असू द्या, चालतंय की." हे 'चालतंय की' तिच्या जिव्हारी लागलं. तिचं तिरकं काम आजवर कुणी चालवून घेतलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती लॅबमध्ये गेली नाही आणि पुन्हा कधीच गेली नाही.

दात गेले. आता इंजिनं राहिली होती, आणि तीही गेली तर सकाळी उठून करायचं काय, या विचाराने ती खरोखर घाबरली होती. हे तिने धाकटीलाही सांगितलं नाही.

त्या वर्षी क्लबाने प्रदर्शनासाठी एक मोठी गोदी उभी केली होती. क्रेन, गुदामं, गंजलेले रूळ, आणि या सगळ्यातून दिवसभर डबे इकडून तिकडे ढकलणारं एकच काळं शंटिंगचं इंजिन. ते मळवायचं काम अर्थातच तिचं. इंजिन तिच्या टेबलावर येऊन पडलं होतं, प्रदर्शन तोंडावर आलं होतं, आणि तिने अजून डब्याचं झाकण उघडलं नव्हतं. बातमी फुटायला वेळ लागला नाही. क्लबाचे चिटणीस, ज्यांचं चौकात चष्म्यांचं दुकान होतं, एका दुपारी फळांची पिशवी घेऊन घरी आले. फळं बघूनच तिचा पारा चढला.

"मी आजारी आहे का?" तिने विचारलं.

"छे, छे. सहज." चिटणीस खुर्चीच्या कडेवर बसले. "म्हटलं, यंदा तुम्ही त्रास घेऊ नका. तुम्ही शेजारी बसून सांगा, रंग आमच्यापैकी कुणीतरी मारेल. पाटीवर नाव तुमचंच राहील हं."

"मेल्यावर लावतात तशी?"

चिटणीस गडबडले. माणूस मनाने चांगला, आणि हीच खरी अडचण होती. वाईट माणसाला दार दाखवणं सोपं असतं. "तसं नव्हे हो," ते म्हणाले, "तुमच्या काळजीपोटीच..."

"काळजी घरी घेऊन जा. फळं ठेवा, बहीण खाईल."

ते गेल्यावर तिने बाह्या सरसावल्या आणि झाकण उघडलं. राग मोठा कामाचा असतो, माणसाला उठवून टेबलापर्यंत नेतो. पण पुढे काय करायचं हे तो सांगत नाही. तिने एअरब्रशमध्ये पातळ तपकिरी रंग भरला, श्वास रोखला आणि चाकांच्या वर धुळीचा पट्टा मारायला घेतला. हात उडाला. रंग केबिनच्या भिंतीवर भस्सकन बसला, काळ्यावर माती फेकल्यासारखा. तिने घाईने थिनरचा बोळा घेऊन पुसायला सुरुवात केली, आणि थिनर लावून घासायचं नसतं, नुसतं टिपायचं असतं, हे ती क्लबातल्या प्रत्येक नवशिक्याला ओरडून सांगत आली होती. बोळा उचलला तेव्हा डागाबरोबर काळा रंगही निघाला होता, इंजिनाच्या नंबरातला शेवटचा आकडा गेला होता, आणि खालचं करडं प्लास्टिक उघडं पडलं होतं.

ती रडली. दुःखाने कमी, संतापाने जास्त. रडता रडता तिने थिनरची बाटली भिंतीवर फेकली, तीसुद्धा नेमकी बसली नाही, पडद्यात अडकून खाली पडली.

धाकटी मशीन सोडून धावत आली. तिने आधी खिडकी उघडली, मग बाटली उचलली आणि मग तोंड उघडलं. "दे ना त्यांना ते इंजिन! एवढा हट्ट कशाला? नाव तुझंच राहणार आहे ना?"

"नाव माझं आणि हात दुसऱ्याचा? दुसऱ्याची कवळी घालून हसू का मी?"

"मग कापऱ्या हाताने कसं करणार आहेस, ताई? ते तरी सांग. हात हलतो तर हलतो, त्याला तू काय करणार?"

"एअरब्रश हलवल्याशिवाय रंग बसत नाही!"

"का? मी मशीनवर सुई हलवत बसते का?" धाकटी वैतागून म्हणाली. "सुई आपली जागेवर वरखाली. मी कापड सरकवते."

असं बोलून ती थिनर लागलेला पडदा काढायला वळली. आपण काय बोललो याचा तिला पत्ताही नव्हता. कवळीबाई मात्र डोळे पुसायचं विसरून टेबलाकडे बघत राहिली. इंजिनाला चाकं होती. ते सरकवायचीसुद्धा गरज नव्हती, ते आपलं आपण चालत होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने टेबलाच्या कडेला सुताराचा क्लॅम्प कसला, त्यात एअरब्रश आडवा पकडला आणि त्याचा चाप रबराने बांधून टाकला. समोर हातभर रूळ मांडले. हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरची तोटी उघडायचं काम तिचं स्वतःचं, आणि इंजिन चालवायचं धाकटीचं, कारण वेगाचं बटण फिरवायला स्थिर हात लागतो.

"मला त्यातलं काही कळत नाही," धाकटी म्हणाली.

"जाड कापडावर पॅडल दाबतेस ना, तसं. हळू. आणखी हळू. अगं, टीप घालायचीय, शर्यत नाही लावायची!"

आधी पुठ्ठ्यावर, मग एका मोडक्या डब्यावर, आणि मग खऱ्या इंजिनावर. इंजिन फवाऱ्यासमोरून रांगत गेलं, चाकं फिरत होती, आणि खऱ्या रुळांवरची धूळ जशी बसते तशीच धूळ आरे, दांडे, पायऱ्या सगळ्यांवर बसत गेली. हाताने इतकी सारखी तिला पूर्वीही कधी जमली नव्हती. हे कबूल करायला जरा जड गेलं, पण तिने केलं. तेवढ्यात धाकटीने इंजिन परत आणायचं म्हणून बटण उलटं फिरवलं, तोटी चालूच होती, आणि मागच्या बाजूलाही धुळीचा थर चढला.

"केलास घोटाळा!" कवळीबाई किंचाळली. मग तिने इंजिनाकडे नीट पाहिलं. शंटिंगचं इंजिन. दिवसभर पुढे आणि मागे, पुढे आणि मागे. त्याच्या पाठीवर धूळ बसणार नाही तर कुठे? "राहू दे," ती म्हणाली. "पण पुन्हा विचारल्याशिवाय उलटं फिरवू नकोस."

"आभार मानायची पद्धत बरी आहे तुझी," धाकटी म्हणाली.

केबिनच्या उघड्या पडलेल्या प्लास्टिकभोवती तिने चिकटपट्टी लावली आणि आतला चौकोन लालसर रंगाने भरला, रेल्वेच्या शेडमध्ये ठिगळ मारून तसंच कामावर पाठवतात तसा. चिकटपट्टीच्या आत हात कितीही नाचला तरी कड सरळच येते. गेलेला आकडा गेलेलाच ठेवला. पावडरींचं तर काही विचारू नका. काजळी आणि गंज बोटाने थोपटायचे असतात, आणि थोपटायला तो हात नको म्हटलं तरी तयारच होता. राहिले गंजाचे ओघळ. पूर्वी ती ते बारीक कुंचल्याने ओढायची. आता तिने बोळ्याने वर रंगाचा नुसता थेंब टेकवला, इंजिन उभं धरायला धाकटीला सांगितलं, आणि थेंबाला त्याच्या वाटेने जाऊ दिलं. कुठे सरळ उतरला, कुठे रिव्हेटला अडून वळला. दोन ओघळ फसले, ते टिपले. या वेळी घासले नाहीत.

प्रदर्शन शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये होतं. गोदीच्या कठड्यापाशी गर्दी हटत नव्हती. मळकं इंजिन डबे ढकलत होतं, थांबत होतं, मागे येत होतं, आणि लोक खाली वाकून वाकून त्याचं ते लाल ठिगळ एकमेकांना दाखवत होते. कवळीबाई मागच्या बाकावर धाकटीशेजारी बसून हे सगळं कान टवकारून ऐकत होती. बऱ्याच दिवसांनी तिचं पोट भरल्यासारखं झालं होतं.

संध्याकाळी चिटणिसांनी माईक हातात घेतला. क्लबाचे सगळे सभासद गोळा झाले. एक मोठा पुष्पगुच्छ कुठून तरी बाहेर आला आणि तिच्या दिशेने निघाला.

"गेली कितीतरी वर्षं यांनी आपली इंजिनं जिवंत केली," चिटणीस म्हणाले. "आज इतक्या अडचणीत त्यांनी हे शेवटचं इंजिन पूर्ण करून दाखवलं. आता त्यांनी आराम करावा. क्लबाच्या वतीने त्यांना हा प्रेमाचा निरोप..."

टाळ्या पडल्या. गुच्छ तिच्या हातात आला आणि त्याची पानं सळसळायला लागली. सगळ्यांनी सभ्यपणे नजरा खाली वळवल्या. तिने मात्र गुच्छ खाली ठेवला नाही. डोक्याइतका उंच धरला.

"शेवटचं? कुणी ठरवलं?"

चिटणिसांनी माईक खाली केला. "नाही, म्हणजे, आम्हाला वाटलं..."

"वर बघा सगळे. बघा की! हात कापतोय. पुढच्या वर्षी आणखी कापेल, मला डॉक्टरांनी सांगितलंय, तुम्ही नका सांगू. हे इंजिन याच हाताने मळवलंय. क्लॅम्प लावला, बहिणीला राबवलं, नंबरातला एक आकडा घालवला. पुढच्या वर्षी कसं करीन ते मला आज माहीत नाही. जमेनासं झालं की मी येऊन सांगेन. मी सांगेन, तुम्ही नाही. फुलं छान आहेत, ती ठेवून घेते. निरोप तुमचा तुम्ही ठेवा."

चिटणिसांचे कान लाल झाले होते. त्यांनी माईक ठेवून दिला आणि तिच्या जवळ येऊन विचारलं, "चुकलं आमचं. मग पुढच्या वर्षी... काय देऊ?"

"एवढ्या मोठ्या गोदीत एकच इंजिन कसं पुरेल? आणखी दोन काढा."

"दोन?" मागून धाकटी ओरडली. "मला विचारलंस?"

चिटणीस क्लबाच्या सामानाकडे गेले आणि दोन नव्या इंजिनांचे डबे घेऊन आले. सवयीने त्यांनी ते धाकटीपुढे धरले. कवळीबाईने गुच्छ धाकटीच्या मांडीवर टाकला, उजवा हात मध्ये घातला आणि डबे स्वतः उचलले. आतली इंजिनं खडखड खडखड वाजत होती, सगळ्यांना ऐकू जाईल इतकी, आणि ती ते तसेच घेऊन, मुळीच घाई न करता, सगळ्यांच्या मधून दाराकडे चालत गेली.