रिकाम्या खोक्याचा महिना

किस्से वायरींसारखे असतात. ड्रॉवरमध्ये सुट्या ठेवल्या तरी आपोआप गुंततात, आणि एक ओढायला जावं तर पाच बाहेर येतात. आमच्या पनवेलच्या कचेरीचं तसंच झालंय. परवा जुन्या मंडळींपैकी कोणीतरी पाटणकरचं नाव काढलं, आणि जेवायला बसलेले आम्ही पानं वाळेपर्यंत उठलो नाही.

कचेरी सरकारी, एसटी स्टँडच्या समोर. मी, म्हणजे दाते, आवक-जावक सांभाळायचो. टपाल, लाख, लाल फीत आणि पितळी शिक्का ही माझी दौलत. पाटणकर शेजारच्या टेबलावर. माणूस सोन्यासारखा, पण बाजारात नवीन बटणवालं काहीही आलं की याच्या हाताला खाज सुटायची.

* * *

कॅल्क्युलेटरवालं घड्याळ पनवेलात पहिलं याच्या मनगटावर आलं. बटणं मुगाच्या दाण्याएवढी. ती दाबायला खिशात काडेपेटीतली काडी ठेवायचा. आम्ही कागदावर बेरीज करून चहा पिऊन यायचो, तोवर याची काडी तिसऱ्या आकड्यावर असायची.

एकदा साहेबांनी किती वाजले विचारलं. सावंत साहेब आमचे हेड, शिस्तीचे. पाटणकर म्हणाला, "दोन मिनिटं थांबा साहेब, हिशेब चालू आहे, घड्याळ मध्येच येत नाही."

दाराशी स्टुलावर आमचे म्हात्रे शिपाई बसले होते. रिटायरमेंटला आलेले, मनगट मोकळं. त्यांनी स्टँडकडे बघितलं. "मोऱ्याची यष्टी आताच गेली. पावणेअकरा झाले, आजून काय पायजे?"

त्या दिवसापासून पाटणकरसुद्धा वेळ म्हात्रेंनाच विचारायला लागला.

* * *

मग कॉर्डलेस फोन. आमच्यातल्या मुकादमचा भाऊ कुवेतला होता. तो सुट्टीवर आला की पाटणकर त्याच्या मोहल्ल्यातल्या घरी सख्ख्या नातेवाइकांच्या आधी पोचायचा. एका खेपेला त्याच्याकडून हा कॉर्डलेस घेऊन आला. आता त्या काळी फोनचा नंबर लागायला वर्षं जायची, आणि पाटणकरच्या घरी फोनच नव्हता! अर्जसुद्धा केलेला नव्हता. पण एरियल वर काढून तो खोलीभर फिरायचा.

शेजारच्या नेने आजींनी ते खिडकीतून बघितलं. मुलीला पुण्याला फोन लावायला आल्या. नाही कसं म्हणणार? हा म्हणाला, लाइन डेड आहे. पुढच्या आठवड्यात परत आल्या, परत डेड. वर्षभर डेड. शेवटी आजींना या गरीब माणसाची दया आली. त्यांनी बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन तक्रार धाडली.

लाइनमन आला, भिंती बघितल्या, खांब बघितला, गच्चीवर जाऊन आला आणि म्हणाला, "वायर कुठाय?"

पाटणकर म्हणाला, "कॉर्डलेस आहे ना."

* * *

हे सगळं सहन कोण करायचं, तर सुधावहिनी. पाटणकरची बायको. दोन खोल्यांचं घर, त्यात टेबल एकच. टेबलावर कॉर्डलेस, त्याच्यामागे एक बिघडलेला टू-इन-वन, त्याच्यावर हाताने फिरवायचा बाटलीतला मिक्सर. वहिनी बाहेरून बी.ए. करत होत्या आणि पुस्तक मांडीवर घेऊन वाचायच्या.

ते कानावर आलं तेव्हा साहेबांनीच खोक्याचा नियम काढला. त्यांचं म्हणणं असं, की कचेरीत साधा पंखा घ्यायचा तर फाइल तीन टेबलांवर झोपते, म्हणून निम्मी खरेदी आपोआप टळते. घरी फाइल नसते, तिथे घात होतो. तर ज्याला वस्तू घ्यायची असेल त्याने दुकानातून तिचं रिकामं खोकं मागून आणायचं. कचेरीत ते सगळ्यांनी आतून तपासायचं. मग मी त्याला लाल फीत बांधून लाखेचं सील ठोकायचं. खोकं घरी नेऊन वस्तू जिथे ठेवणार तिथेच महिनाभर ठेवायचं. महिन्याने सगळ्यांनी जाऊन सील फोडायचं. त्यानंतरही हौस टिकली तर खुशाल घ्या.

हसू नका. नियमाने बरीच खरेदी वाचली. फक्त दर वेळी काहीतरी भलतंच झालं.

* * *

पहिलं खोकं खुद्द साहेबांचं, वॉशिंग मशीनचं. ते मोरीत मावेना, म्हणून दारात ठेवलं. आंघोळीला जाताना घरचे सगळे पोट आत घेऊन आडवे सरकायचे. महिना झाला, साहेबांची हौस पार गेली, पण आता त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनीसाहेब, खोकं सोडेनात. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवायला त्यांना ते फार आवडलं होतं. त्यांनी त्याला शिवून झालर लावली.

मुंबईहून त्यांची नणंद आली. झालरीकडे बघून तिने विचारलं, मशीन कसं आहे?

"छान आहे," वहिनीसाहेब म्हणाल्या. "आवाज अजिबात करत नाही."

* * *

मुकादमने टेपरेकॉर्डरचं खोकं नेलं, डबल कॅसेटचा. पंचविसाव्या दिवशी कुवेतहून भाऊ अचानक आला आणि नेमका तसलाच टेपरेकॉर्डर घेऊन आला! मुकादम सरळ माणूस. सकाळी कचेरीत येऊन विचारलं, भेट म्हणजे खरेदी का? साहेबांनी रीतसर कागदावर शेरा मारला, की भेट स्वीकारण्यास हरकत नाही, मात्र मुदत संपेपर्यंत वापर करू नये.

झालं. मुकादमने माझ्याकडून वीतभर फीत नेली, प्लगला गुंडाळली, वर लाख. टेपरेकॉर्डर खोक्यावर बसून राहिला. भाऊ आईला ऐकवायला आत्याचा आवाज भरून घेऊन आला होता. आईंनी दोन दिवस वाट बघितली. तिसऱ्या दिवशी अडकित्ता घेऊन आल्या.

"सील तुझ्या हापिसाचं, मशीन माझ्या दुसऱ्या लेकाचं," त्या म्हणाल्या. "सरक बाजूला."

साहेबांनी पुढे त्या प्रकरणाची फाइल बंद केली, आणि कारणाच्या रकान्यात 'अडकित्ता' असं लिहिलं.

* * *

म्हात्रेंना कशाचीच हौस नव्हती. म्हणून एक दिवस त्यांनी खोकं मागितलं तेव्हा आम्ही उडालोच. कशाचं? म्हणाले, टीव्हीचं. आम्ही कौतुकाने तपासलं, बांधलं, सील केलं. महिन्याने करंजाड्याला त्यांच्या गावी गेलो. पडवीत खोकं होतं, पण एका बाजूने उभं फाटलेलं, आणि आतून कोंबडीची दहा पिल्लं आमच्याकडे बघत होती.

साहेब भडकले. सील कोणी फोडलं?

"सील कुटं फुटलंय? हे बगा, तसंच हाय." म्हात्रेंनी वरची लाख दाखवली. "कोंबडी बाजूनं गेली. तिला नियम म्हायती नाय."

* * *

आणि आता पाटणकरचा व्हिडिओ गेम.

टीव्हीला जोडायचा, दोन रिमोट, वर कॅसेट खोचायची. तळ्याकाठच्या दुकानात आला आणि पाटणकर रोज घरी जाताना वाट वाकडी करून काचेसमोर उभा राहायला लागला. नेमकी वहिनींची शेवटच्या वर्षाची परीक्षा महिन्यावर आली होती. त्यांनी शांतपणे सांगितलं, परीक्षा होईपर्यंत या घरात नवीन यंत्र आलं तर मी पुस्तकं घेऊन खोपोलीला माहेरी जाईन, ती निकाल लागल्यावरच येईन. वहिनी एकदा बोलल्या की बोलल्या. त्यांनी खरोखरच एक बॅग माळ्यावरून खाली काढून ठेवली.

पाटणकर हादरला. चेष्टा आम्ही कितीही केली तरी त्याचा वहिनींवर जीव होता. मला म्हणाला, "दाते, सुधा गेली तर घर खायला उठेल रे." आणि आमच्या सगळ्यांसमोर त्याने वहिनींना शब्द दिला. टेबल रिकामं केलं, व्हिडिओ गेमचं नुसतं खोकं आणलं, मी सील ठोकलं आणि ते टीव्हीशेजारच्या कपाटावर गेलं.

चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी मला जिन्यात गाठलं. दुकानातला शेवटचा नग राहिला होता. काचेतला. त्याचंच खोकं आपल्याकडे होतं, म्हणून दुकानदाराने वर्तमानपत्रात गुंडाळून दिला. हातातल्या पिशवीत तो होताच!

मी कपाळाला हात लावला. ठेवणार कुठे? कचेरीत साहेब, माझ्या घरी माझी बायको, ती वहिनींची मैत्रीण. पाटणकरने माझ्याकडे फार समजूतदारपणे बघितलं. "ज्या खोक्यात काही नाही हे अख्ख्या कचेरीला माहीत आहे, त्याच्याइतकी सुरक्षित जागा कुठली?"

मी नको म्हणायला हवं होतं. रविवारी वहिनी क्लासला गेल्यावर मी लाख, फीत, मेणबत्ती आणि सरकारी शिक्का भाजीच्या पिशवीतून त्याच्या घरी नेला. जुनं सील काढलं, यंत्र आत ठेवलं, नवीन सील ठोकलं. मला लाज वाटत होती आणि खोटं कशाला बोलू, मजाही येत होती. पाटणकरने खोक्याला नमस्कार केला. शेवटच्या रविवारी वहिनी क्लासला गेल्या की यंत्र काढून घ्यायचं आणि परीक्षा संपेपर्यंत कुठेतरी हलवायचं, असं ठरलं. तोवर खोक्याला हातही लावायचा नाही, कारण हात लावला की उघडावंसं वाटणार.

आणि शेवटच्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी, कचेरी सुटताना साहेब म्हणाले, "सोमवारपासून मी रजेवर. पाटणकर, तुमचं खोकं आजच बघून टाकू."

मी पाटणकरकडे बघितलं. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. मुकादम आणि म्हात्रे निघालेसुद्धा. वाटेत पाटणकरने सगळ्यांना चहाचा आग्रह केला. मग उसाच्या रसाचा. मग म्हणाला, मारुतीचं दर्शन घेऊन जाऊ. साहेब म्हणाले, "आधी खोकं, मग मारुती." जिन्यात तो माझ्या कानाशी कुजबुजला, "ती बॅग अजून दाराशीच आहे रे." त्याचे डोळे भरून आले होते. मला चेष्टा सुचेना.

वहिनी टेबलाशी अभ्यास करत होत्या. सगळ्या पुस्तकांना तपकिरी कागदाची कव्हरं, खळ लावून व्यवस्थित चिकटवलेली. त्यांनी या म्हटलं आणि पोहे करायला आत गेल्या.

साहेबांनी कपाटावरचं खोकं एका हाताने सहज खाली घेतलं. साहेबांच्या हातात एवढं बळ असेल असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी सील चष्म्याजवळ नेऊन तपासलं. अगदी शाबूत. "दाते, तुमचं काम पक्कं," ते म्हणाले. मी जमिनीकडे बघत राहिलो. फीत कापली. झाकण उघडलं. पाटणकरने डोळे मिटले.

म्हात्रेंनी आत कोपरापर्यंत हात घातला. "काय नाय. रिकामाच हाय."

मुकादमने टाळी वाजवली. साहेबांनी पाटणकरची पाठ थोपटली. पाटणकरने डोळे उघडले, खोक्यात डोकं घालून बघितलं, मग खोकं उलटं करून झटकलं. आम्हाला रिकामं खोकं दाखवतोय असं वाटून मुकादमने आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. उलटं केल्यावर मला खोक्याचं बूड दिसलं. तिथे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तपकिरी कागदाची पट्टी होती, खळ लावून व्यवस्थित चिकटवलेली.

"पाटणकर," साहेब गहिवरून म्हणाले, "नियमाचं असं पालन मी आजवर बघितलं नाही. दोन शब्द बोला."

पाटणकर उभा राहिला. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. "माझा..." तो म्हणाला, "माझा स्वतःचा विश्वास बसत नाहीये."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याची नजर भिरभिरत टेबलाकडे गेली. तिथे पुस्तकांवर मान वाकवून एक कोरा करकरीत हिरवा टेबल-लॅम्प उभा होता.

"हा दिवा कधी..." त्याने सुरुवात केली.

"तीन आठवडे झाले की. तळ्याकाठच्या दुकानातून बदलून आणला," वहिनी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर येत म्हणाल्या. पहिली बशी त्यांनी साहेबांच्या हातात दिली. "पण खरंच हो साहेब, कौतुक आहे यांचं. महिनाभर खोक्याला बोटसुद्धा लावलं नाही. मीच आपली रोज पुसत होते."