टिस्डेलबाईंनी मागितलेली प्रार्थना

आमच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवणाऱ्या ओडेल्फिया टिस्डेल यांच्याशी ज्याचं भांडण झालेलं नाही, तो माणूस अलाबामात कालच उतरला असावा. मी गणित शिकवतो. कॉफीचं भांडं कुणी विसळायचं यावरून त्या माझ्याशी अजून बोलत नाहीत.

बाईंचा एकच हट्ट. "एकटा अभ्यास करणारा एकटाच नापास होतो," म्हणत त्या दर गुरुवारी संध्याकाळी अख्खा वर्ग प्रयोगशाळेत कोंडायच्या. बँडची तालीमही नेमकी गुरुवारीच! माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यातल्या फुटबॉल सामन्यात बँड वाजायचा, म्हणून बँडमास्तर होझिया रड म्हणायचे, "ढोलाशिवाय होमकमिंगचा सामना म्हणजे मयत!"

"मयत तुमची काढीन," बाई म्हणायच्या.

जार्वेला मिम्स ढोल वाजवायची, म्हणून गुरुवारी गायब. एकदा नापास झालेलीच होती. पुन्हा झाली असती तर केमिस्ट्री हातची गेली असती, आणि फार्मसीला जायचं स्वप्नही.

रविवारी चर्चमध्ये पाद्रीबुवांनी विचारलं, "कुणासाठी प्रार्थना करायची?" कुणी आईचा गुडघा सांगितला, कुणी लेकाची नोकरी. टिस्डेलबाई हॅट सावरत उठल्या.

"जार्वेला मिम्ससाठी. केमिस्ट्रीत बुडतेय. आणि तिला बुडवणारे बँडमास्तर, आपल्या चर्चचे सेवक डीकन रड, पुढच्याच बाकावर बसलेत."

जार्वेला ताडकन उठली. "माझ्यासाठी नको! बाईंच्या जिभेसाठी करा!"

तिच्या आजीनं तिला खाली ओढलं. "बस गं! खरंय का ते?"

जार्वेलानं पुढच्या बाकाकडे पाहिलं. पांढऱ्या कपड्यांतल्या साऱ्या चर्चमातांनी, मंडळीतल्या मानाच्या आजीबायांनी, मग रडकडे माना वळवल्या.

"होझिया, गुरुवारी सोडत नाहीस पोरीला?" त्यांतल्या एकीनं विचारलं.

"माताजी, ढोल..."

"ढोल तुझ्या डोक्याचा झालाय!"

बँडची तालीम बुधवारी गेली. गुरुवारी जार्वेलानं प्रयोगशाळेत दप्तर आपटलं. "तुमचं तोंड बंद करायला पास होणार आहे मी!"

"माझं तोंड बंद करायला पीएचडी लागते. शेजारच्याला समजावून सांग. त्याला कळलं तर माझ्याकडे ये."

सत्र संपेपर्यंत दोघी एकमेकींवर खेकसत राहिल्या. त्यांच्या खेकसण्यात बाकीचा वर्गही शिकला.

नाताळच्या आदल्या रविवारी जार्वेला चर्चमध्ये देवाच्या उपकारांची साक्ष द्यायला उभी राहिली. "देवाच्या कृपेनं पास झाले. बाईंचे आभार मानणार नाही."

अख्खं चर्च टाळ्या पिटत उठलं. रडही उठले, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून.

"पुरे झाल्या टाळ्या," टिस्डेलबाई म्हणाल्या. "उभे आहातच, तर बसू नका, प्रार्थना करा. जानेवारीत तिचं फिजिक्स आहे."