राखेनं घासलेली बाटली

तवा हिरीवर कोण कोण हुतं ते आधी सांगते. माझी सासू, माझे मालक, थोरली जाऊ, मी, आन् पाणी तपासायला पुण्यावरनं आलेली बाई. बाई आता कुठं असंल ठाव न्हाई. बाकीची गेली, मी तेवढी ऱ्हायले.

आमचा बौद्धवाडा घोड नदीच्या अंगाला, शिरूरपासनं यष्टीनं यायचं. वाड्याला आधी हीर न्हवती. सासूची उमर पाटलाच्या हिरीवर गेली. कुणी वरनं पाणी ओतलं तर घागर भरायची, न्हाई तर उनात बसून ऱ्हायचं. माझ्या येळंला तसं न्हवतं, पर मागायला जावं लागायचंच. मग वाड्यानं मिळून स्वताची हीर काढली. मालक पाटसला उसाच्या शिजनला जायाचे, आन् घरी आले की हिरीत उतरायचे. पाणी लागलं तवा पहिली घागर सासूनं शेंदली, दुसऱ्या कुणाला दोराला हात लावू दिला न्हाई. गोड पाणी. डाळ कशी पटदिशी शिजायची.

मग काय वर्सांनी ती बाई आली. बारकीशी, चष्मा, खांद्याला पेटी. नदीकाठच्या हिरींत सोमल आन् शिसं उतरतंय का ते बघत हिंडायची. सोमल म्हंजी उंदराला घालत्यात ते इख, एवढं मला ठाव हुतं. आली तशी तिनं प्यायला पाणी मागितलं आन् तांब्या रिकामा केला. सासू तितंच खूस झाली.

जाताना एक बाटली ठिवून गेली. "आजी, उद्या सकाळचं पहिलं पाणी यात भरा. बाटली धुऊनच आणलीय, आतून हात लावू नका."

सासूला काय ते पटंना. "पाव्हणीला पाणी द्यायचं आन् भांडं घासायचं न्हाई? लोकं काय म्हंतील?" काडीला चिंधी बांधून तिनं चुलीतल्या राखंनं बाटली आतनं घासली, धडप्यानं पाणी गाळून भरलं. आमच्यात पाणी असंच देत्यात. कुणालाच काय वावगं वाटलं न्हाई.

बाई फिरून आली ती तोंड पाडूनच. "हे पाणी पिऊ नका. सोमल निघालाय."

मग जाऊ म्हणली, "बाई, तुमची बाटली आत्याबाईंनी राखंनं लखलखीत केली हुती बरं का."

बाईनं कपाळाला हात लावला. "अहो आजी! राखेतसुद्धा असतं काय काय!"

"मग हिरीत न्हाई?"

"आता मलाच सांगता येणार नाही. परत तपासू."

वाड्यात सण असल्यावाणी झालं. जाऊ म्हणली, "आत्याबाई, तुमच्या सफाईपायी हीर बदनाम झाली असती की."

"तुझ्या हातनं बाटली खरकटी गेली असती, तवा काय झालं असतं?" सासू म्हणली.

ह्या येळंला बाईनं आपल्या हातानं बाटली भरली. मी तांब्या पुढं केला. तिनं घेतला आन् तसाच खाली ठिवला. मालकांनी ते बघितलं.

मग वाट बघणं. कामाला जाताना मी हिरीत वाकून बघायची. पाणी नितळ, तळाचा खडक दिसायचा. ह्यात इख कसं असंल?

बाई आली तवा तिची चाल लांबनंच बघून सासू म्हणली, "नको सांगू पोरी. कळलं."

मालकांनी इचारलं, "आलं कुठनं हे?"

"अजून शोधतेय. कळल्याशिवाय कुणाचं नाव घेणार नाही. धुण्याला वापरा, प्यायला नको."

"मग प्यायला कुठनं आणायचं?" सासूनं इचारलं.

बाईला आमचं मागलं काय ठाव? तिनं पाटलाच्या मळ्याकडं बोट केलं. "तिकडच्या बोरचं चांगलं निघालंय."

सासू गेली न्हाई. घागर घिऊन मी गेले. पाटलीणबाई म्हणली, "भर की गं, इचारतीस काय?" तरीबी मी दर येळंला इचारायचीच. घरी आणलं की सासू घोटभर प्यायची आन् म्हणायची, "मचूळ हाय." मरेपतूर मचूळच म्हणली.

बाईचा राग न्हाई. तिनं खरं सांगितलं. पर अजूनबी तान लागली की मला त्याच हिरीचं पाणी आठवतं. आता दारात नळ हाय, पाणी चांगलं हाय, तरीबी.

हीर हाय तितंच हाय. खराबच हाय म्हणून लोकं तिच्यात कायबी टाकत्यात. तुम्ही कवा तिकडनं गेलात तर तिचं पाणी पिऊ नका. पर तिच्यात घाणबी टाकू नका.