तांबड्या दिव्याचा पंचनामा

मोटारसायकलीच्या मीटरवर तांबडा दिवा लागला असता त्याचा पंचनामा करावयाचा नसतो, ही गोष्ट मला वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी समजली. आदिलाबादेत कचेरीसमोर टेबल टाकून मी सव्वीस वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आहे. शिक्षण सातवीपर्यंत (आठवीत परीक्षेचे आणि माझे मतभेद झाले); परंतु माझ्या अर्जातील 'सबब' वाचून भलेभले अधिकारी चष्मा पुसतात.

त्या दिवशी आमच्या सौभाग्यवती विमल यांना अंगणवाडीच्या नोकरीवर रुजू व्हावयाचे होते. हुकुमात स्पष्ट लिहिले होते की, दुपारी बाराच्या आत इंद्रवेल्लीच्या कचेरीत हजर व्हावे, अन्यथा जागा यादीतील पुढील बाईस दिली जाईल. या नोकरीसाठी अकरा अर्ज मी स्वहस्ते लिहिले होते. (परीक्षा तिने दिली, पण तो तपशील झाला.)

"बसनं जाऊ," विमल म्हणाली होती.

"नवी गाडी दारात उभी असता अर्जनवीसाच्या पत्नीने बसने रुजू होणे शोभत नाही," असा निर्णय मी दिला.

मावला गाव मागे पडेपर्यंत गाडी राजासारखी चालली. गुडीहत्नूरच्या पुढे एका गतिरोधकावर आम्ही दोघे सीटपासून वीतभर उंच गेलो, खाली आलो, आणि मीटरवर तांबडा दिवा लागून इंजिन बंद पडले. पुन्हा चालू केले. गिअर टाकताच पुन्हा बंद. दिव्यात बारीकसे चित्र होते. त्याचा अर्थ, साईड स्टँड खाली आहे.

"काऊन थांबले?"

"स्टँड खाली आहे."

विमलने वाकून पाहिले. "वरच तं हाय."

"मीटर 'खाली' म्हणून राह्यलं."

"मीटरचं जाऊ द्या. तुमचे डोये काय म्हन्तेत?"

आता डोळ्यांचा पुरावा कोणत्या कचेरीत चालतो? मी असे कास्तकार पाहिले आहेत, ज्यांच्या शेतात विहीर काठोकाठ भरलेली आहे, पण पहाणीच्या कागदात (आमच्याकडचा हा सातबारा) विहीरच नाही. त्या विहिरीत उद्या कोणी पडला तरी कागदोपत्री तो कोरडाच! उद्या कंपनीचा माणूस म्हणेल, स्टँड खाली ठेवून गाडी हाकली, सबब वॉरंटी रद्द. तेव्हा जागेवरच पंचनामा करून ठेवणे अगत्याचे होते. पिशवीतून कोरे कागद काढून मी सीटवर पसरले. अकराला पाच कमी होते.

शेजारच्या कापसातून गंगाराम नावाचे एक ओळखीचे कास्तकार बाहेर आले. त्यांचा वारसाचा अर्ज मीच लिहिला होता.

"मुन्शीजी, गाडी बिघडली का?"

"बिघडली म्हणू नका. प्रकरण वादग्रस्त आहे. तुम्ही पंच व्हा."

"होतो नं," गंगाराम म्हणाले आणि पंच या नात्याने खाली बसून त्यांनी तंबाखू मळायला घेतली.

मी लिहिले, 'आम्ही खाली सह्या करणार पंच लिहून देतो की, सदर गाडीचा उजव्या बाजूचा स्टँड समक्ष पाहिला असता वर आढळून आला. हात लावून पाहिला असता वरच आढळून आला.'

"दोनदा काऊन लिवलं?" गंगारामांनी डोकावून विचारले.

"जोर येतो."

दुसरा पंच हवा होता, म्हणून गंगारामांनी कापूस वेचणाऱ्या आपल्या पत्नीला हाक मारली. कमरेला कापसाची ओटी बांधलेल्या लक्ष्मीबाई आल्या. मी शाईची डबी उघडून अंगठ्यासाठी पुढे केली.

"मी बचत गटाची अध्यक्ष हाय. सही करतो. पण वाचल्याबिगर नाही."

त्यांनी कागद वाचला. गाडी पाहिली. पुन्हा कागद वाचला.

"भाऊ, स्टँड तं डाव्या अंगाला हाय."

सव्वीस वर्षांत माझ्या कागदाला कोणी हरकत घेतली नव्हती. मी दुसरा कागद घेतला.

"साडेअकरा होत आले," विमल म्हणाली. तिचा आवाज खाली गेला होता. घरात आवाज चढला की मी निर्धास्त असतो. खाली गेला की उठून उभा राहतो. "ते पुढच्या नंबरची बाई सकायपासून तिथं बसली असन. तुमाले अकरा अर्ज दिसतेत. मी दोन वर्स चुलीपुढं पुस्तक धरून वाचलं, ते कोनाले दिसन?"

मी नव्या कागदावर 'डाव्या' हा शब्द अधोरेखित केला.

तिने रागाने चपलेने स्टँड खालून वर दाबला. दिवा विझला.

"पुराव्याला हात लावू नकोस," मी म्हणालो.

"हात नाही लावला. पाय लावला."

पाय काढताच दिवा पुन्हा लागला. गंगाराम वाकले. "मुन्शीजी, सेन्सरचा खटका सैल झाला. स्टँड कसून वर धरला का इझते. हे सुतळीचं काम हाय." कापसाच्या गाठोड्याची सुतळी सोडून त्यांनी स्टँड असा आवळून बांधला की मीटरला बोलायला जागा राहिली नाही. इंजिन चालू झाले, गिअर पडला, आणि दोन्ही पंचांनी मागून ढकलल्यामुळे (गरज नव्हती, पण त्यांचा आग्रह होता) आम्ही निघालो. बाराला दहा कमी असताना इंद्रवेल्लीच्या कचेरीपुढे पोचलो. विमल उडी मारून आत पळाली.

आता गाडी उभी करावयाची. माझ्या लक्षात आले की, स्टँड सुतळीने जखडलेला आहे. मधला स्टँड या गाडीस नाही. (शोरूममध्ये मला 'स्पोर्टी' हा शब्द आवडला होता.) सुतळी सोडावी, तर तशी गाठ मला मारता येणार नव्हती. भिंतीला टेकवावी, तर चपराशी ओरडला, "रंग वला हाय."

तेव्हा मी हँडल धरून उभा राहिलो. पाऊण तास उभा राहिलो. माझे एक जुने अर्जदार जाताना थांबले आणि आदराने म्हणाले, "नमस्ते मुन्शीजी. गाडी इकून राह्यले का?" दुसऱ्याने चाक दाबून पाहिले आणि किंमत विचारली.

अखेर विमल बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर असा उजेड होता की माझा पाय दुखायचा थांबला.

"झालीस रुजू?"

"झाली. आतल्या मॅडम पुसत होत्या, गाडी धरून उभे हायत ते कोन?"

"मग? काय सांगितलेस?"

"म्हटलं, आजच रुजू झाले."

मॅडमनी माझे पद विचारले नाही, हे त्यांचे सौजन्य.